इंजिन फिरवलं आणि चेन गेली!

पावसाळा सुरू झाला की बाईकवाल्यांचं एक काम हमखास वाढतं. चेन साफ करा, तेल सोडा, सैल झाली की ताणून घ्या. काही बाईक्सना मात्र चेनच नसते. तिथे इंजिनाची ताकद लोखंडी दांड्यातून, म्हणजे शाफ्टमधून, मागच्या चाकाला मिळते. ही पद्धत ज्याने गाजवली, त्या माक्स फ्रिट्झचा जीव खरं तर विमानांत अडकलेला होता.

जर्मनीतल्या उराख गावी १८८३ मध्ये त्याचा जन्म झाला. डाइम्लर कंपनीत तो इंजिनं बनवायला शिकला. १९१७ मध्ये म्युनिकला आला आणि त्याच वर्षी नाव बदलून बीएमडब्ल्यू झालेल्या कंपनीसाठी त्याने विमानाचं सहा सिलिंडरचं इंजिन तयार केलं. उंचावरच्या विरळ हवेतही ते दमत नसे. १९१९ मध्ये त्याच्याच इंजिनावर एक विमान साडेनऊ हजार मीटरच्याही वर गेलं. पण जर्मनी महायुद्ध हरली होती. व्हर्सायच्या तहाने विमानाची इंजिनं बनवायला बंदी आली आणि कंपनी रेल्वेचे ब्रेक बनवू लागली. ऐन पस्तिशीत फ्रिट्झचं आवडतं काम हातातून गेलं.

मग समोर आली हेलिओस नावाची एक रडकी मोटरसायकल. तिचे दोन सिलिंडर एकामागे एक आडवे होते. पुढच्याला वारा लागायचा, मागचा तापायचा. मागच्या चाकाला चेन. ही गाडी सुधारा, असं त्याला सांगण्यात आलं. मोटरसायकलचं त्याला फारसं प्रेम नव्हतं, पण डागडुजीही त्याला पटेना. त्याने कोऱ्या कागदापासून सुरुवात केली.

त्याने इंजिन काटकोनात फिरवलं! दोन्ही सिलिंडर डाव्या-उजव्या बाजूंनी वाऱ्यात आले. इंजिनाचा फिरता दांडा आता गाडीच्या लांबीला समांतर झाला. त्याच्या मागे गिअरबॉक्स, तिथून शाफ्ट, आणि चाकापाशी ताकद वळवायला दातेरी चाकं. चेनची गरजच उरली नाही. शाफ्ट नवा नव्हता. बेल्जियमच्या एफएन कंपनीने तो आधीच वापरला होता. फ्रिट्झने तो जिथे सहज बसेल अशी अख्खी गाडी रचली. १९२३ मध्ये आलेली हीच ती ४९४ सीसीची आर ३२.

म्हणून चेन हरली का? अजिबात नाही. चेन हलकी, स्वस्त, ताकद कमी खाते आणि स्प्रॉकेट बदललं की पिकअप बदलतो. म्हणून तर आपल्याकडच्या बहुतेक बाईक्स आजही चेनवरच पळतात. शाफ्ट जड आणि महाग, पण चिखल-पावसाची त्याला पर्वा नाही. लांब पल्ल्याला तो सुखाचा.

फ्रिट्झ १९६६ मध्ये गेला. बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर बाईक्समध्ये मात्र त्याची ती मांडणी शंभर वर्षांनंतरही टिकून आहे. मनाविरुद्ध आलेलं कामही त्याने उरकून टाकलं नाही, म्हणून.