हाफकिन : लस आधी स्वतःला टोचून घेणारा माणूस



पल्स पोलिओच्या रविवारी आमच्या शाळेतच बूथ असतो. मागे एकदा चौथीतला एक मुलगा, ज्याला दिसेल ते वाचून काढायची खोड आहे, डोसच्या बाटलीवरची इंग्रजी अक्षरं जुळवत बसला होता. जुळवून झाल्यावर त्याने विचारलं, मॅडम, हाफकिन म्हणजे काय? लेकरांची रांग लागलेली, बोटाला शाई लावायचं काम माझ्याकडे. मी घाईत सांगून टाकलं की कंपनीचं नाव आहे. त्याचं समाधान झालं, माझं झालं नाही.

आपण मोठी माणसं तरी हे नाव कुठे ऐकतो? पेपरात औषध खरेदीची बातमी आली की, नाहीतर शेतात कुणाला साप चावला आणि त्यावरच्या लशीचा विषय निघाला की. हे एका माणसाचं आडनाव आहे आणि त्या माणसाने मुंबईत भायखळ्याच्या एका खोलीत प्लेगवरची लस तयार केली, हे मला डीएडला असतानाही कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून हा पाठ. पाचवी ते आठवीच्या वर्गात सांगता येईल असा लिहिला आहे, घरी पालकांनी सांगितला तरी चालेल.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओदेसा शहरातला. हे शहर तेव्हा रशियाच्या साम्राज्यात होतं. घर ज्यू धर्माचं. ओदेसाच्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. लक्षात घ्या, डॉक्टरकी नाही, प्राणिशास्त्र. ही गोष्ट त्यांना पुढे भारतात फार जड गेली. विद्यापीठात त्यांना शिकवायला मेचनिकॉव्ह होते. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात हे दाखवणारे आणि त्यासाठी १९०८ साली नोबेल मिळवणारे तेच हे मेचनिकॉव्ह.

१८८१ च्या सुमारास तिथे ज्यूंवर हल्ले झाले. हाफकिन आपल्या वस्तीचं रक्षण करणाऱ्या तरुणांत होते. जखमी झाले, पकडलेही गेले. मेचनिकॉव्हनी शब्द टाकला म्हणून सुटले. शिक्षण पूर्ण झालं तरी प्राध्यापकाची जागा मिळेना, कारण धर्म. धर्म बदल, मग जागा घे, असा मार्ग समोर होता. त्यांनी तो घेतला नाही. १८८८ मध्ये देश सोडून जिनिव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोचले. तिथे मेचनिकॉव्ह आधीच होते, पण शास्त्रज्ञाची जागा रिकामी नव्हती. रिकामी होती ती ग्रंथपालाची. एवढा शिकलेला माणूस पुस्तकं लावायला लागला आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत जंतू वाढवू लागला. पदविका हातात घेऊन वर्षानुवर्षं शिक्षक भरतीची वाट बघणाऱ्या आपल्यातल्या अनेकांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

त्या उरलेल्या वेळातून कॉलऱ्याची लस निघाली. आपल्याकडे जुनी माणसं त्याला पटकी म्हणायची, मरीआईचा कोप म्हणायची. १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती लस पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. ताप आला, उतरला. मग मित्रांना टोचली. पण पॅरिसमध्ये बसून ही लस कॉलरा अडवते की नाही हे कळणार कसं? जिथे कॉलरा दरवर्षी येतो तिथे जायला हवं. म्हणून १८९३ मध्ये ते कलकत्त्याला आले. तिथल्या वस्त्यांत, चहाच्या मळ्यांत फिरून हजारो लोकांना लस दिली, स्वतः मलेरियाने आजारी पडून परत गेले आणि १८९६ मध्ये पुन्हा आले.

त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकेसियो व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. जांघेत, काखेत गाठ, सणकून ताप आणि काही दिवसांत मृत्यू. लोक त्याला गाठीचा रोग म्हणत. लाखो माणसं मुंबई सोडून गावाकडे पळाली आणि रोगही त्यांच्यासोबत गेला. ऑक्टोबरात सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावलं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. बस.

आता लस कशी केली ते जरा निवांत बघू, कारण मुलांना हाच भाग सगळ्यात आवडतो. जंतूंना वाढायला खाद्य लागतं. त्यासाठी त्यांनी मांसाचा पातळ रस घेतला. गाईचं किंवा डुकराचं मांस इथल्या लोकांना चालणार नाही, हे ओळखून पुढे शेळीच्या मांसाचा रस वापरला. त्यावर तुपाचे थेंब सोडले. हो, आपलं साजूक तूप! तूप वर तरंगतं. प्लेगचे जंतू त्या थेंबाला खालून चिकटून वाढतात आणि गुहेच्या छताला लोंबणारे सुळके असतात तसे खाली उतरत जातात. बाटली हलवली की सुळके तुटून तळाशी बसतात आणि वर नवे धरतात. असं पाच-सहा आठवडे चालतं. मग सगळं तापवून जंतू मारायचे आणि थोडं कार्बोलिक आम्ल घालायचं. मेलेले जंतू रोग देत नाहीत, पण शरीर त्यांना ओळखून ठेवतं. आमच्या वर्गात काचेच्या ग्लासात पाणी आणि वर तुपाचे थेंब टाकून मी एवढंच दाखवते. जंतू अर्थातच मनाने बघायचे.

१० जानेवारी १८९७ ला लस तयार होती. त्या दिवशीही पहिली सुई त्यांच्या स्वतःच्याच अंगात गेली आणि तीही इतरांना पुढे द्यायची त्यापेक्षा मोठ्या मात्रेची. ताप चढला, टोचल्या जागी खूप दुखलं, पण ते बरे झाले. महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली.

इथे एक तारीख मुलांना जोडून दाखवा. १० मार्च १८९७. बरोबर दोन महिन्यांनी पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांचा त्याच रोगाने मृत्यू झाला. ३ जानेवारीला आपण दरवर्षी त्यांची जयंती करतो, पण या दोन तारखा शेजारी ठेवून मी कधी बघितल्या नव्हत्या.

लस आली म्हणजे लोक धावत आले, असं मुळीच झालं नाही. पुण्यात गोरे शिपाई घराघरात घुसून रोगी शोधत होते, माणसं उचलून नेत होते, सामान जाळत होते. त्या रागातूनच जूनमध्ये रँडचा वध झाला. अशा दिवसांत सरकारच्या माणसाकडून सुई कोण टोचून घेणार? हाफकिन यांचं बळ दोन गोष्टींत होतं. लस ज्याला हवी त्याला. आणि मोजणी चोख. आगाखान यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली, मग त्यांच्या खोजा समाजातली हजारो माणसं पुढे आली. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपला बंगलाही दिला.

मोजणीचं उदाहरण बडोद्याजवळच्या उंढेरा गावाचं घ्या. फेब्रुवारी १८९८ मध्ये तिथे प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली, निम्म्यांना नाही. एकच घर, एकच चूल, तेच उंदीर. पुढे २८ घरांत प्लेग आला. त्या घरांतल्या लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले, २६ मेले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ मेले. सातवीच्या मुलांना शेकडेवारी काढायला लावा. शंभरात साधारण ४१ विरुद्ध शंभरात ४. लस घेऊनही ३ माणसं गेली, हेही फळ्यावर लिहा, पुसू नका. या लशीने ताप यायचा, अंग दुखायचं आणि तिचं संरक्षण काही महिन्यांपुरतंच टिकायचं.

१० ऑगस्ट १८९९ रोजी प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. एका व्हरांड्यातून तीन वर्षांच्या आत एका महालात.

आणि मग मुलकोवाल.

बरेच जण ही गोष्ट सांगताना हा भाग गाळतात. लसीबद्दल शंका नको म्हणून असेल. मला तो गाळणं पटत नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना प्लेगची लस दिली. पाच बाटल्या उघडल्या होत्या. त्यातल्या एकाच बाटलीतून, क्रमांक ५३ एन, ज्या १९ जणांना लस मिळाली त्या सगळ्यांना धनुर्वात झाला आणि ते एकोणीसही जण मेले. बाकीच्या चार बाटल्यांच्या माणसांना काही झालं नाही.

एकोणीस माणसं ही लहान गोष्ट नाही. चौकशी व्हायलाच हवी होती आणि झाली. पण चौकशीने ठरवलं की बाटली परळमध्ये भरतानाच दूषित झाली असावी. हाफकिन डॉक्टर नव्हते, इंग्रज नव्हते, ज्यू होते, रशियातून आलेले होते. सरकारी वैद्यकीय खात्यातल्या अनेकांना ते आधीपासून खुपत होते. त्यांना प्रमुखपदावरून दूर केलं गेलं. १९०४ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि पुढची तीन वर्षं हाच एक ध्यास घेऊन राहिले.

उत्तर खरं तर चौकशीच्या कागदांतच होतं. त्या सकाळी बाटलीचं बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलून जंतुनाशकात नुसता बुचकळला आणि त्यानेच बूच काढलं. चिमटा नीट निर्जंतुक केलाच नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आपण मुलांना गंजका खिळा लागला की सांगतोच. शिवाय ती बाटली ४१ दिवसांपूर्वी भरलेली होती. जंतू तेव्हाच आत गेले असते तर इतक्या दिवसांत वाढून बाटलीला घाण वास यायला हवा होता. उघडताना तसा वास आला नव्हता.

हे जगापुढे ठणकावून मांडणाऱ्यांत रोनाल्ड रॉस होते. मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात शोधणारे रॉस. तो शोध त्यांनी २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादला लावला, म्हणजे निजामाच्याच राज्यात, ज्यात तेव्हा आपलं नांदेड आणि लातूरही होतं. १९०७ मध्ये रॉस आणि इतर नऊ नामवंतांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र छापून आणलं. त्याच वर्षी हाफकिन यांच्यावरचा ठपका निघाला आणि त्यांना पुन्हा भारतात कामावर बोलावलं गेलं. पण परळला नाही, कलकत्त्याला. तिथे माणसांवर नव्या लशीचे प्रयोग करायची मोकळीक त्यांना मिळाली नाही. १९१५ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, ते निवृत्त होऊन युरोपात परतले.

मुलकोवाल मी वर्गात का सांगते, त्याला एक कारण २०२१ चं आहे. माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं, नोकरी नांदेड जिल्ह्यात. कोरोनाच्या लसीकरणाला आशाताईंसोबत घरोघर जायची आमची ड्युटी होती. एका वस्तीवर एक म्हातारी दारातच आडवी झाली. शेजारच्या गावात सुई घेतल्यावर माणूस गेला म्हणाली. मी ठासून सांगितलं की काही होत नाही, एकदम सुरक्षित आहे. तिने दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी आशाताई एकट्याच गेल्या आणि तिच्या ओट्यावर बसून म्हणाल्या, माय, मलाही दोन दिवस ताप होता, उठवत नव्हतं, मग उतरला. म्हातारी त्यांच्यासोबत चालत केंद्रावर आली. माझं नेमकं कुठे चुकलं ते मला तेव्हा कळलं नाही, मुलकोवालचं वाचलं तेव्हा कळलं.

आणि प्लेग ही फार जुनी गोष्ट आहे असंही समजू नका. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी पाच वर्षांची होते. वर्षभराच्या आत, १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रोगी सापडले. भूकंपाच्या धास्तीने लोकांनी घरं सोडली, आत धान्य तसंच राहिलं आणि त्यावर उंदीर माजले, असं तेव्हा अनेक जाणकारांनी मांडलं. आमच्याकडे मेलेला उंदीर दिसला की वडील आम्हाला आत कोंडून घ्यायचे, एवढं आठवतं. प्लेगवर आता प्रतिजैविकं आहेत, वेळेत दिली तर रोगी वाचतो. १८९७ मध्ये ती नव्हती.

परळच्या संस्थेला हाफकिन यांचं नाव १९२५ मध्ये दिलं गेलं. तोवर तिथून प्लेगच्या लशीच्या अडीच कोटींहून जास्त मात्रा बाहेर पडल्या होत्या. हाफकिन तेव्हा हयात होते, युरोपात एकटेच राहत होते, लग्न केलेलं नव्हतं. ऑक्टोबर १९३० मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान शहरात ते गेले.

चौथीतला तो मुलगा आता सहावीत आहे. हा पाठ घेतला तेव्हा त्याने हात वर करून विचारलं, मॅडम, परळच्या त्या महालात ते परत कधी प्रमुख झाले का? नाही झाले, मी सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग उंढेऱ्याची शेकडेवारी परत तपासायला लागला.