मातापित्यांनी अव्हेरलेला राजा : फ्रान्सचा सातवा चार्ल्स

इ. स. १४२० च्या मे महिन्याच्या २१ तारखेस फ्रान्समधील त्र्वा या नगरात एक तह झाला. फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स याने आपली कन्या कॅथरीन इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री यास द्यावी, सासऱ्याच्या हयातीत राज्याचा कारभार जावयाने पाहावा आणि सासऱ्याच्या पश्चात फ्रान्सचा मुकुट हेन्रीकडे व त्याच्या वंशजांकडे जावा, अशी या तहाची मुख्य कलमे होती. सहाव्या चार्ल्सला त्या वेळी सतरा वर्षांचा एक पुत्र होता आणि तो जिवंत होता. त्याचा तहातील उल्लेख एवढाच, की स्वतःस युवराज म्हणविणाऱ्या या चार्ल्सने घोर अपराध केले असल्याने उभय राजे व बर्गंडीचा ड्यूक यांपैकी कोणीही इतरांच्या संमतीवाचून त्याच्याशी समेट करू नये. पित्याची मुद्रा तहावर होती आणि मातेचे, राणी इझाबोचे, पाठबळही त्याला होते. ज्याला जन्मदात्यांनीच अशा रीतीने मोडीत काढले, तो पुढे सातवा चार्ल्स म्हणून फ्रान्सचा राजा झाला आणि त्याने तब्बल एकोणचाळीस वर्षे राज्य केले. जोन ऑफ आर्कच्या तेजापुढे त्याचे चरित्र झाकोळून गेले आहे. आपल्याकडील वाचकाला तो माहीत असतो तो त्या वीरकन्येच्या कथेतील एक दुबळा, कृतघ्न राजपुत्र म्हणून. त्यातील कृतघ्नतेचा आरोप पुसता येण्याजोगा नाही. दुबळेपणाचा मात्र पुन्हा तपासून पाहावा असा आहे.

चार्ल्सचा जन्म २२ फेब्रुवारी १४०३ रोजी पॅरिसमध्ये झाला. राजाच्या बारा अपत्यांपैकी तो अकरावा आणि पुत्रांमध्ये पाचवा. दोन वडील बंधू हयात असल्याने हा मुलगा गादीवर येईल असे कोणाच्या मनातही नव्हते. पिता १३९२ च्या ऑगस्टपासून वेडाच्या झटक्यांनी ग्रासलेला होता. ल मां शहराजवळच्या अरण्यात त्याने आपल्याच माणसांवर तलवार चालविली होती. पुढे तर आपले शरीर काचेचे आहे या भ्रमाने कोणी स्पर्श केला तरी तो घाबरून जाई. झटके ओसरले की तो काही काळ शहाण्यासारखा वागे, आणि हीच राज्याची खरी विपत्ती होती. राजा पुरता वेडा असता तर त्याला बाजूस सारता आले असते. परंतु अधूनमधून शुद्धीवर येणाऱ्या राजाच्या नावाने ज्याच्या हाती मुद्रा असेल त्याने हुकूम काढावेत, असा प्रकार सुरू झाला. त्या मुद्रेसाठी राजाचा भाऊ ऑर्लेआंचा ड्यूक लुई आणि चुलतभाऊ बर्गंडीचा ड्यूक जॉन यांच्यात वैर पेटले. १४०७ च्या नोव्हेंबरात बर्गंडीकरांच्या मारेकऱ्यांनी लुईला पॅरिसच्या रस्त्यावर ठार मारले, आणि राजघराण्याचे दोन तट कायमचे पडले.

बाल चार्ल्सला या दलदलीतून बाहेर काढले ते त्याच्या भावी सासूने. १४१३ मध्ये आंजूच्या घराण्यातील मारी हिच्याशी त्याचा वाङ्निश्चय झाला आणि तिची माता योलांद त्याला आपल्याकडे घेऊन गेली. या कर्तबगार स्त्रीने त्याला पोटच्या मुलासारखे वाढविले आणि पुढेही पैसा, माणसे व मसलत देण्यात हात आखडता घेतला नाही. दरम्यान १४१५ च्या ऑक्टोबरात अजँकूरच्या रणात फ्रान्सचे सरदार मंडळ कापले गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात थोरला भाऊ वारला. १४१७ च्या एप्रिलमध्ये दुसरा. चौदा वर्षांचा चार्ल्स युवराज झाला. पुढच्याच वर्षी, मे महिन्याच्या अखेरच्या एका रात्री, बर्गंडीच्या सैन्याने पॅरिसमध्ये प्रवेश केला. शहराचा कोतवाल तानगी द्यु शातेल याने झोपेतल्या युवराजाला उचलून बास्तीयच्या किल्ल्यात नेले आणि तेथून शहराबाहेर काढले. पुढची एकोणीस वर्षे चार्ल्सला आपल्या राजधानीचे दर्शन घडले नाही.

यानंतरचा प्रसंग त्याच्या आयुष्यावरचा न पुसला जाणारा डाग ठरला. १० सप्टेंबर १४१९ रोजी मोंतेरो येथील पुलावर युवराज आणि बर्गंडीचा ड्यूक जॉन यांची समेटासाठी भेट ठरली होती. बोलता बोलता शब्दाने शब्द वाढला आणि युवराजाच्या माणसांनी ड्यूकला कुऱ्हाडीने ठार केले. हा कट आधी शिजला होता की वेळेवर हात उठला, यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. परिणाम मात्र निःसंशय होता. मृत ड्यूकचा पुत्र फिलिप सूडासाठी इंग्रजांना मिळाला आणि आठ महिन्यांत त्र्वाचा तह झाला.

येथे एका रूढ समजुतीचा परामर्श घेणे अगत्याचे आहे. राणी इझाबोचे वर्तन शुद्ध नव्हते, चार्ल्स हा राजाचा औरस पुत्रच नव्हता आणि तहात तसे मान्य केले गेले, असे अनेक पुस्तकांतून सांगितले जाते. तहाच्या कलमांत असे काहीही नाही. चार्ल्सला दूर सारले ते अपराधी म्हणून, अनौरस म्हणून नव्हे. इंग्रजांना तसे लिहून घेणे परवडणारेही नव्हते. ज्या कॅथरीनच्या हाताबरोबर त्यांना फ्रान्स हवा होता ती त्याच मातेची, चार्ल्सहून अवघ्या सव्वा वर्षाने मोठी मुलगी. मातेला कलंक लावावा तर वधूही कलंकित होणार! तरीही कुजबुज होतीच. वेड्या पित्याचा, परागंदा झालेला पुत्र असल्यावर लोकांच्या जिभेला हाड कोठून राहणार? ती चार्ल्सच्या कानांवर आली नसेल असे मानणे कठीण आहे.

त्याच्या बाजूने उभे राहिले ते प्रथम योद्धे नव्हेत, कायदेपंडित. पॅरिस सोडावे लागलेल्या न्यायाधीशांनी १४१८ मध्ये प्वातिए येथे स्वतंत्र सर्वोच्च न्यायालय, म्हणजे पार्लमाँ, उभे केले. हिशेबाची कचेरी बूर्ज येथे बसली. नीम नगरातील झां द तेरव्हेरमेय या पंडिताने याच सुमारास लॅटिनमध्ये ग्रंथ लिहून एक मूलगामी सिद्धान्त मांडला. घरदार वा शेतवाडी पित्याच्या मालकीची असते, म्हणून तो ती कोणाला द्यावी हे ठरवू शकतो. पण राज्य ही राजाची मालमत्ताच नव्हे. परंपरेने ठरलेला ज्येष्ठ पुरुष वारस गादीवर येतो तो पित्याच्या कृपेने येत नाही, आणि म्हणून पित्याच्या अवकृपेने त्याचा हक्क जातही नाही. या युक्तिवादापुढे त्र्वाच्या तहाचा पायाच निखळतो. जे आपले नव्हे ते वेडा राजा देणार कसे, आणि शहाणा राजा तरी कसा देणार? आणखी एक विलक्षण योग असा, की राजा मरताच त्याचा वारस, वय कितीही असो, तत्क्षणी राजा होतो, असा हुकूम सहाव्या चार्ल्सच्याच नावाने १४०७ च्या डिसेंबरात निघालेला होता.

अर्थात इंग्रजांपाशीही दावा होता आणि तो जुना होता. १३२८ मध्ये फ्रान्सची थोरली शाखा पुत्राअभावी खुंटली, तेव्हा इंग्लंडचा तिसरा एडवर्ड मातेकडून सर्वांत निकटचा होता. फ्रेंच सरदारांनी चुलत शाखेतील व्हाल्वा घराण्याच्या सहाव्या फिलिपला गादीवर बसविले. स्त्रीच्या द्वारा मुकुट जात नाही या नियमाला पुरातन सॅलिक कायद्याचा आधार दाखविला गेला तो पुष्कळ नंतर. म्हणजे व्हाल्वांचा हक्कही कोणा देवाने लिहून दिलेला नव्हता. तो माणसांनी ठरविला आणि मग त्यासाठी जुने पोथ्यापुराण शोधले. असे असले तरी एकदा ठरलेला नियम राजालाही बांधतो, हे प्वातिएच्या न्यायाधीशांचे म्हणणे वजनदार होते.

१४२२ च्या ऑगस्टअखेर पाचवा हेन्री वारला आणि २१ ऑक्टोबरला सहावा चार्ल्स. वेड्या राजाच्या अंत्ययात्रेला स्वतःचा पुत्र नव्हता. राजकुलीन पुरुष म्हणून इंग्रज राजप्रतिनिधी बेडफर्ड एकटा चालला. सँ-द्नीच्या मठात दफन होताच वर्षाचाही न झालेला सहावा हेन्री फ्रान्सचा राजा म्हणून घोषित झाला. दक्षिणेत मेहून येथे चार्ल्सनेही राजपद धारण केले. त्याआधी काही दिवसांपूर्वीच ला रोशेल येथे भर सभेत दिवाणखान्याची जमीन खचून कित्येक माणसे मेली होती आणि तो थोडक्यात बचावला होता. पूल आणि लाकडी तक्तपोशी यांची त्याला जन्मभर धास्ती वाटत असे, ही इतिवृत्तकारांची साक्ष त्यामुळे पटण्याजोगी आहे. शत्रू त्याला कुत्सितपणे बूर्जचा राजा म्हणत. १४२४ मध्ये व्हेर्नयच्या लढाईत त्याचे सैन्य धुळीस मिळाले, दरबारात मर्जीतल्या माणसांचे खून पडू लागले, आणि १४२८ च्या ऑक्टोबरात इंग्रजांनी ऑर्लेआंला वेढा घातला.

पुढची कथा सर्वश्रुत आहे. लोरेनच्या सीमेवरची शेतकऱ्याची एक मुलगी १४२९ च्या आरंभी शिनाँच्या किल्ल्यात आली. तिने चार्ल्सला एकांतात एक गुपित सांगितले, असे त्या काळापासून बोलले जाई. एकांतात केलेल्या प्रार्थनेत त्याने आपल्या हक्काविषयीच देवाला कौल लावला होता व तो तिने ओळखला, ही हकीकत जवळजवळ नव्वद वर्षांनी लिहिली गेली. तेव्हा ती जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. पण जोनच्या पाद्र्याने नंतर शपथेवर दिलेली साक्ष अधिक मोलाची आहे. राजाचा पुत्र आणि खरा वारस तूच, असा निर्वाळा तिने चार्ल्सला दिल्याचे त्या साक्षीत आहे. जे निर्विवाद असते ते कोणी आवर्जून सांगत नाही. चार्ल्सने तरीही भाबडेपणा दाखविला नाही. तिला प्वातिएला धाडून सुमारे तीन आठवडे धर्मपंडितांकडून तिची परीक्षा करविली आणि मगच सैन्याबरोबर जाऊ दिले. ८ मे रोजी ऑर्लेआंचा वेढा उठला.

यानंतर पॅरिस किंवा नॉर्मंडीवर चालून जावे, असे अनेक सेनानींचे मत होते. जोनने हट्ट धरला तो रँसचा. लष्करी दृष्टीने हा वेडेपणा वाटतो, कारण रँस शत्रूच्या मुलखात खोल होते. परंतु पंडितांचा न्याय पंडितांपुरता असतो. खेड्यापाड्यांतील माणसाच्या लेखी क्लोव्हिसच्या बाप्तिस्म्यासाठी स्वर्गातून आलेल्या पवित्र तेलाने रँसच्या मंदिरात ज्याला अभिषेक झाला, तोच राजा. जोन स्वतः तोवर त्याला युवराजच म्हणत होती. वाटेत त्र्वा लागले, ज्या नगरात तो बेवारस ठरला होता तेच. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने दरवाजे उघडले. १७ जुलै १४२९, रविवार. शार्लमेनचा मुकुट सँ-द्नीत इंग्रजांच्या ताब्यात होता, म्हणून रँसमध्ये मिळाला तो मुकुट घेतला. बर्गंडीच्या ड्यूकची जागा रिकामी होती. तेथे आलाँसाँचा ड्यूक उभा राहिला. विधीत उणिवा अनेक होत्या, तेल मात्र खरे होते. इंग्रजांनी त्याचे महत्त्व ओळखले. १४३१ च्या डिसेंबरात दहा वर्षांच्या सहाव्या हेन्रीला त्यांनीही मुकुट घातला, पण पॅरिसमध्ये आणि इंग्रज कार्डिनलच्या हातून. तो लोकांच्या मनात भरला नाही.

त्याच वर्षी ३० मे रोजी जोनला रूआंच्या बाजारचौकात जिवंत जाळले होते. ती वर्षभर कैदेत असता तिच्या सुटकेसाठी चार्ल्सने काही ठोस हालचाल केल्याचा पुरावा मिळत नाही. याचे समर्थन करू पाहणारे राजकारणाची गरज पुढे करतात. पण कैद्याची खंडणी भरण्याची त्या काळची रीत पाहता, ते समर्थन लंगडेच राहते.

१४३५ मध्ये आरासच्या तहाने बर्गंडीशी दिलजमाई झाली. त्यासाठी मोंतेरोच्या खुनाबद्दल राजाला आपल्या वकिलांमार्फत क्षमा मागावी लागली आणि सोम नदीकाठची शहरे द्यावी लागली. त्याच महिन्यात राणी इझाबो पॅरिसमध्ये एकाकी स्थितीत मरण पावली. माता-पुत्रांची पुन्हा गाठ पडली नव्हती. १४३६ च्या एप्रिलमध्ये पॅरिस हाती आले. १४४५ मध्ये राजाने कायम पगारी घोडदळाची पथके उभारली, ब्यूरो बंधूंनी तोफखाना सिद्ध केला, झाक कर या व्यापाऱ्याने पैसा पुरविला (त्यालाही पुढे तुरुंगच पाहावा लागला), आणि १४५० पर्यंत नॉर्मंडी मोकळी झाली. १७ जुलै १४५३ रोजी, रँसच्या अभिषेकाला बरोबर चोवीस वर्षे होत असता, कास्तियाँच्या लढाईत इंग्रजांचा अखेरचा पराभव झाला. काले तेवढे त्यांच्याकडे उरले. पुढच्याच महिन्यात इंग्लंडच्या सहाव्या हेन्रीची शुद्ध हरपली. कॅथरीनकडून आलेला आजोबांचाच आजार तो, असे पुष्कळांनी मानले आहे. मुकुटाऐवजी व्हाल्वांचा हा वारसा मात्र त्याच्याकडे गेला असावा.

चार्ल्सने १४४९ च्या नोव्हेंबरात रूआंमध्ये प्रवेश केला आणि तीनच महिन्यांत जोनच्या खटल्याच्या चौकशीचा हुकूम काढला. एकोणीस वर्षांच्या मौनानंतर जागी झालेली ही सद्बुद्धी निव्वळ पश्चात्तापाची नव्हती. जोन पाखंडी ठरलेली असेल, तर पाखंडी स्त्रीने नेऊन बसविलेल्या राजाचा अभिषेक कसला? खटल्याचे दप्तर आता हाती होते, तेव्हा हा प्रश्न मिटवायचा होता. तथापि नंतर जोनची वृद्ध माता स्वतः नोत्र-दामच्या मंदिरात न्याय मागायला उभी राहिली, शंभरावर साक्षी झाल्या, आणि ७ जुलै १४५६ रोजी जुना निकाल रद्दबातल ठरला. हेतू कोणताही असो, त्या साक्षींमुळेच आज जोनचे बालपण आपल्याला ठाऊक आहे.

झां फूके या चित्रकाराने काढलेले चार्ल्सचे चित्र पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे. जाड नाक, थकलेले डोळे, लाल अंगरख्याचे भरलेले खांदे. आणि चौकटीवर त्याला परमविजयी म्हटले आहे. चेहऱ्यावर विजयाची खूण शोधून सापडत नाही. थोरला मुलगा लुई दोनदा बंडाच्या वाटेने गेला आणि १४५६ मध्ये बर्गंडीच्या आश्रयास पळाला. पित्याने अव्हेरलेल्या राजाला पुत्रानेही अव्हेरले. तोंडातील गळवाने अन्न जाईनासे झाले, तशात मुलाने विषप्रयोग करविल्याचा संशय मनात बसला. २२ जुलै १४६१ रोजी, ज्या मेहूनमध्ये त्याने राजपद धारण केले होते तेथेच, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी तो मरण पावला.

लुई पित्याच्या अंत्यविधीस आला नाही. चार्ल्सला अभिषेकासाठी जवळजवळ सात वर्षे थांबावे लागले होते. अकरावा लुई १५ ऑगस्टला, चोवीस दिवसांत, रँसच्या मंदिरात उभा होता. त्याचा हक्क कोणी विचारला नाही. बर्गंडीच्या ड्यूकची जागाही या वेळी रिकामी नव्हती. मोंतेरोच्या पुलावर मारल्या गेलेल्या जॉनचा वृद्ध पुत्र फिलिप तेथे जातीने हजर होता.