जहाजाची गोष्ट खोटी, पण माया खरी : पोलंडच्या मुलांचे बापू झालेले जामसाहेब

फेब्रुवारी २०२२. रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि तिथे डॉक्टरकी शिकायला गेलेली हजारो भारतीय पोरं अडकली. त्यात आपल्या महाराष्ट्रातलीही होती. यातली बरीच मुलं शेजारच्या पोलंडमध्ये पोहोचली आणि तिथून विमानाने घरी आली. त्याच दिवसांत एक फॉरवर्ड प्रत्येक ग्रुपवर फिरायला लागला.

फॉरवर्डमधली गोष्ट अशी. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या बायका-मुलांनी भरलेलं एक जहाज समुद्रात भटकत होतं. एकही देश आसरा देईना. शेवटी ते जामनगरला लागलं आणि तिथल्या राजाने सगळ्यांना पदरात घेतलं. म्हणून आजही पोलंडच्या संसदेत त्या राजाच्या नावाने शपथ घेतात.

राजा खरा आहे, पोलंडची मुलंही खरी आहेत. पण ते भटकणारं जहाज आणि ती शपथ, दोन्ही खोटं आहे. गंमत म्हणजे खरी गोष्ट या फॉरवर्डपेक्षा भारी आहे आणि तिचा एक धागा थेट आपल्या कोल्हापूरला येऊन पोहोचतो.

तर ही गोष्ट आहे नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी रणजितसिंहजी जाडेजा यांची.

नवानगर म्हणजे आजचं गुजरातमधलं जामनगर. तिथल्या राजाला जामसाहेब म्हणायची पद्धत. दिग्विजयसिंहजींचा जन्म १८ सप्टेंबर १८९५ चा. त्यांचे काका म्हणजे क्रिकेटवाले रणजितसिंहजी, ज्यांच्या नावाने आपली रणजी ट्रॉफी खेळली जाते. काकांनी पुतण्याला दत्तक घेतलं. म्हणजे दत्तक जाणं काय असतं, हे या माणसाला स्वतःच्या आयुष्यातूनच माहीत होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

राजकोटचं राजकुमार कॉलेज, इंग्लंडमधलं मालव्हर्न कॉलेज आणि लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज, असं त्यांचं शिक्षण झालं. त्यानंतर त्यांनी बरीच वर्षं लष्करात नोकरी केली. १९३३ मध्ये रणजितसिंहजी वारले आणि दिग्विजयसिंहजी गादीवर आले. १९३७ मध्ये ते बीसीसीआयचे अध्यक्ष झाले. त्याच सुमारास नरेंद्र मंडळाचे, म्हणजे देशभरातल्या संस्थानिकांच्या संघटनेचे ते चॅन्सेलरही झाले. युद्ध सुरू झाल्यावर लंडनमधल्या साम्राज्याच्या युद्ध मंत्रिमंडळात भारताच्या वतीने बसणाऱ्यांमध्येही त्यांचं नाव होतं.

पोलंडशी त्यांची ओळख मात्र त्याहून जुनी. पोलंडचे नामवंत पियानोवादक आणि माजी पंतप्रधान पादेरेव्स्की स्वित्झर्लंडमध्ये राहायचे आणि रणजितसिंहजींचा त्यांच्याशी परिचय होता. त्यांच्यामुळे तरुण दिग्विजयसिंहजींना पोलंडबद्दल आपुलकी वाटू लागली, असं सांगितलं जातं.

आता पोलंडमध्ये काय झालं ते बघू.

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा घुसल्या. दोघांनी देश वाटून घेतला. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधली लाखो माणसं मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. कुणी जंगलात लाकडं तोडत होतं, कुणी सरकारी शेतांवर राबत होतं. थंडी, उपासमार आणि टायफसने माणसं मेली. मागे राहिली ती पोरं.

जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावरच हल्ला केला आणि सगळी गणितं फिरली. जुलैमध्ये लंडनमधल्या पोलंडच्या परागंदा सरकारचा सोव्हिएत संघाशी करार झाला आणि पोलिश कैद्यांना सोडायचं ठरलं. सुटलेली माणसं मिळेल त्या वाटेने दक्षिणेकडे निघाली. त्यांच्यासोबत मुलं होती. आई-बाप गमावलेली, उवांनी भरलेली, हाडांचा सापळा झालेली. तुर्कमेनिस्तानातल्या अश्गाबातला अशा मुलांना एकत्र करून ठेवलं जात होतं. पण तिथे त्यांना पोटभर खायला घालण्याची सोय नव्हती.

या मुलांना भारतात आणायचं ठरलं. कसं? ट्रकने.

मुंबईत पोलंडची वकिलात होती आणि पोलिश रेड क्रॉसचं कामही चालायचं. मदतीचं सामान घेऊन भारतातून ट्रक निघायचे. येताना त्याच ट्रकमध्ये मुलांना बसवायचं. अश्गाबातहून इराणमधलं मशहद, मग जाहेदान, तिथून क्वेट्टा, असा तो डोंगर आणि वाळवंटातला रस्ता. क्वेट्ट्याहून पुढे रेल्वे. १९४२ च्या एप्रिलमध्ये दीडशेहून जास्त मुलांची पहिली तुकडी मुंबईत पोहोचली. काही महिने त्यांची सोय वांद्र्याला करण्यात आली.

मग फॉरवर्डमध्ये जहाज कुठून आलं? कदाचित पुढच्या काळातल्या घटनांची यात सरमिसळ झाली असावी. इराणमधून नंतर आलेले बरेच पोलिश निर्वासित समुद्रमार्गे कराचीला उतरले होते. पण ते ठरवून आणलेले लोक होते, दारोदार हाकललेलं जहाज नव्हतं.

मुलं आली खरी, पण त्यांना ठेवायचं कुठे आणि खर्च कोण करणार? युद्धात अडकलेलं ब्रिटिश सरकार हा भार सहजासहजी उचलायला तयार नव्हतं. इथे जामसाहेब पुढे आले. मुलं माझ्या संस्थानात राहतील, असं त्यांनी कळवलं.

जामनगरपासून साधारण २५ किलोमीटरवर, कच्छच्या आखाताकाठी बालाचडी नावाचं गाव आहे. तिथे त्यांचा उन्हाळ्यात राहायचा राजवाडा होता. त्याच्याजवळच मुलांसाठी छावणी उभी राहिली. कौलारू बराकी, शाळा, दवाखाना, प्रार्थनेसाठी चर्च. जुलै १९४२ मध्ये वांद्र्याची मुलं तिथे गेली. पुढच्या चार वर्षांत या छावणीने किती मुलांना आसरा दिला, यावर वेगवेगळे आकडे सांगितले जातात. साधारण सहाशे ते हजार.

खर्च एकट्या राजाने केला, असंही फॉरवर्डमध्ये असतं. तेही अर्धसत्य. जामसाहेबांनी जागा दिली, पैसे दिले आणि नरेंद्र मंडळातलं आपलं वजन वापरून इतर संस्थानिकांना मदतीचं आवाहन केलं. पोलिश मुलांसाठी निधी उभा राहिला. त्यात राजेरजवाड्यांनी पैसे दिले, टाटांसारख्या उद्योगपतींनी दिले आणि साध्या माणसांनीही दिले. म्हणजे गुलामीत असलेल्या एका देशाने, दुसऱ्या गुलाम झालेल्या देशाची लेकरं वर्गणी काढून सांभाळली.

पहिल्याच भेटीत जामसाहेबांनी मुलांना सांगितलं की तुम्ही आता अनाथ नाही. तुम्ही नवानगरचे आहात आणि नवानगरच्या सगळ्या प्रजेचा मी बापू आहे, म्हणजे तुमचाही. मुलांनी हे शब्दशः घेतलं. त्यानंतर ती त्यांना बापूच म्हणू लागली.

छावणीचा कारभार फादर फ्रान्सिशेक प्लुता नावाच्या पोलिश धर्मगुरूंकडे होता. मुलांना पोलिश भाषेत शिकवलं जायचं. त्यांनी आपली भाषा, गाणी आणि सण विसरू नयेत, यावर भर होता. मुलं फुटबॉल खेळायची, समुद्रात डुंबायची, नाटकं बसवायची. जामसाहेब ती बघायला यायचे.

एक किस्सा तर या मुलांनी म्हातारपणीही सांगितला. जेवणात सारखा उकडलेला पालक यायचा. मुलं वैतागली आणि त्यांनी पालकाविरुद्ध चक्क संप केला. ही बातमी बापूंपर्यंत गेली. त्यांनी हुकूम काढला, यापुढे मुलांना पालक करायचा नाही. काही महिन्यांपूर्वी भाकरीच्या तुकड्यासाठी तरसणारी पोरं आता नावडती भाजी खाणार नाही म्हणून हट्ट करत होती. हट्ट माणूस आपल्या घरातच करतो.

इथे एक प्रश्न पडतो आणि तो टाळून चालणार नाही. हाच काळ छोडो भारतचा. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींसह सगळे नेते तुरुंगात गेले. १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं अन्नावाचून मेली. जामसाहेब ब्रिटिशांच्या बाजूने उभे राहिलेले संस्थानिक होते. पोलंड ब्रिटिशांचं मित्रराष्ट्र होतं. तेव्हा यात राजकारण अजिबात नव्हतं, असं म्हणणं भाबडेपणा ठरेल. पण निव्वळ राजकारण असतं, तर युद्ध संपताच सगळं संपलं असतं. तसं झालं नाही. खरी परीक्षा युद्ध संपल्यावरच आली.

त्याआधी कोल्हापूरकडे वळू. १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात वळिवडे इथे पोलिश निर्वासितांची मोठी छावणी सुरू झाली. इथे मुख्यतः बायका आणि मुलं, एकूण साधारण पाच हजार माणसं राहत होती. हिचा खर्च लंडनमधलं पोलिश सरकार करायचं. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचं थिएटर, असं पंचगंगेच्या मुलखात एक छोटं पोलंडच वसलं. काही मुलं शिक्षण आणि प्रकृतीसाठी पाचगणीलाही होती.

१९४५ मध्ये युद्ध संपलं. जिंकणाऱ्यांच्या यादीत पोलंड होता, पण तिथे आता सोव्हिएत संघाच्या पाठिंब्यावरचं कम्युनिस्ट सरकार आलं होतं. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्याच सरकारला मान्यता दिली आणि लंडनमधल्या सरकारची मान्यता काढून घेतली. एका फटक्यात भारतातल्या या मुलांचा कायदेशीर पालकच नाहीसा झाला. आता नवं सरकार म्हणू शकत होतं, मुलं आमची आहेत, परत पाठवा.

कुठे परत? कित्येकांची गावं आता सोव्हिएत संघात गेली होती. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. ज्या सत्तेने आई-बापांना मालगाडीत कोंबलं, तिच्याच छायेत पुन्हा जायची मुलांना भीती होती.

तेव्हा जामसाहेबांनी एक साधी गोष्ट केली. एका कागदावर सही केली. ते स्वतः, फादर प्लुता आणि छावणीसाठी नेमलेले ब्रिटिश अधिकारी अशा तिघांनी मिळून अनाथ मुलांना कायदेशीर दत्तक घेतल्याचा तो कागद होता. जे मूल दत्तक गेलंय, त्याला पालक आहे. पालक असलेल्या मुलाला अनाथ म्हणून उचलून नेता येत नाही.

पहिल्या दिवशी दिलेला शब्द आता कागदावर आला. जेवण, कपडे, छप्पर हे कुणीही दयाळू माणूस देतो. पण हे मूल माझं आहे, असं सरकारदरबारी लिहून देणं ही वेगळी गोष्ट आहे. युद्धात अनाथ झालेल्या मुलाला सगळ्यात आधी काय लागतं, तर त्याच्या वतीने बोलणारं कुणीतरी. जामसाहेब ते झाले.

१९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाली आणि तिथली बरीच मुलं वळिवड्याला आली. १९४८ मध्ये वळिवडेही रिकामं झालं. कुणी ब्रिटनला गेलं, कुणी अमेरिकेला, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी पोलंडला परतलं.

पण बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबं तिथे राहायला आली. कोल्हापूरजवळची कापडाची मोठी बाजारपेठ असलेलं आजचं गांधीनगर ते हेच. भिवंडी-कल्याणकडच्या लोकांना ही गोष्ट ओळखीची वाटेल, कारण शेजारचं उल्हासनगरही असंच घडलं. युद्धकाळातली लष्करी छावणी, फाळणीनंतर त्याच बराकींत आलेले सिंधी निर्वासित आणि मग उभं राहिलेलं शहर.

इकडे जामसाहेबांचं नवानगर भारतात विलीन झालं. १९४८ ते १९५६ ते सौराष्ट्राचे राजप्रमुख होते. सोमनाथ मंदिराच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता, संयुक्त राष्ट्रांतही त्यांनी भारताचं प्रतिनिधित्व केलं. ३ फेब्रुवारी १९६६ ला मुंबईत त्यांचं निधन झालं.

असं सांगतात की या मदतीची परतफेड कशी करू, असं पोलंडचे पंतप्रधान सिकोर्स्की यांनी त्यांना विचारलं होतं. देश स्वतंत्र झाल्यावर वॉर्सातल्या एखाद्या रस्त्याला माझं नाव द्या, असं ते म्हणाले. पण कम्युनिस्ट राजवटीत सैबेरियाचं नाव काढायचीच चोरी होती, मग तिथून वाचलेल्या मुलांच्या बापूंचं नाव कोण घेणार? १९८९ मध्ये ती राजवट गेली आणि गोष्ट पुन्हा वर आली. वॉर्सातल्या एका शाळेने जामसाहेबांचं नाव घेतलं. शहरातल्या एका चौकाचं नाव भला महाराजा चौक झालं. पोलंडने त्यांना मरणोत्तर सन्मान दिला. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचंही एक स्मारक आहे आणि कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांची आठवण सांगणारा स्तंभ उभा आहे.

बालाचडीच्या त्या जागेवर आज सैनिक शाळा आहे. म्हणजे तिथे अजूनही मुलंच राहतात.

आणि हो, ती शपथ. पोलंडच्या खासदारांच्या शपथेचा मजकूर त्यांच्या राज्यघटनेत छापलेला आहे. त्यात कुठल्याही राजाचं नाव नाही. तेव्हा पुढच्या वेळी तो फॉरवर्ड आला, तर जहाज आणि शपथ काढून टाका. त्याऐवजी ट्रक, पालक आणि तो दत्तकपत्राचा कागद लिहा.