काळ्या पोशाखातल्या बाईने मांडलेली पंगत

गेल्या नोव्हेंबरात मी लेकीकडे न्यू जर्सीला होते. हे जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. त्या वर्षी दिवाळी केलीच नव्हती. आणि तिच्या घरी तर 'थँक्सगिव्हिंग'ची लगबग! तिच्या ऑफिसातल्या दोघी-तिघी आणि शेजारचं म्हातारं जोडपं जेवायला यायचं होतं. सणाच्या कामात आता आपण कशाला पुढे व्हायचं, म्हणून मी खोलीत जपमाळ घेऊन बसले. लेकीने हाताला धरून ओट्यापाशी आणलं आणि भलामोठा भोपळा पुढ्यात ठेवला.

टर्की तिने तीन दिवस आधीच फ्रीजरमधून काढून फ्रीजमध्ये ठेवली होती, म्हणजे बर्फ हळूहळू सुटतो. सोबतीला पावाचे वाळवलेले तुकडे, कांदा, सेलरी आणि सेजचा पाला घालून केलेलं 'स्टफिंग', आणि लोणी-दूध घालून घोटलेले बटाटे. क्रॅनबेरी तर आपल्या करवंदाची लाल बहीणच! साखरेत शिजवली की थेट मुरंबा. आणि शेवटी भोपळ्याचा 'पाय'. वाफवून घोटलेल्या भोपळ्यात अंडी, दूध, साखर, दालचिनी, सुंठ, लवंग, जायफळ घालायचं आणि ते मैद्याच्या पारीत ओतून ओव्हनमध्ये भाजायचं. जायफळाचा वास सुटला आणि मला आपले घारगेच आठवले.

भोपळा घोटता घोटता लेक सहज बोलून गेली, की हा सण साऱ्या देशात एकाच दिवशी व्हावा म्हणून सतरा वर्षं झटणारी बाई विधवा होती. माझा हात थांबला. मग मी त्या बाईविषयी मिळेल ते वाचून काढलं. मैत्रिणींनो, तीच गोष्ट आज तुम्हाला सांगते.

तिचं नाव सारा जोसेफा हेल. जन्म १७८८ चा, न्यू हॅम्पशायरमधल्या न्यूपोर्ट गावचा. मुलींना कॉलेजची दारं बंद होती. भाऊ कॉलेजात शिकायचा आणि घरी येऊन तिला शिकवायचा. १८१३ मध्ये डेव्हिड हेल या वकिलाशी लग्न झालं. नवराही शिकण्याचा शौकीन. रोज संध्याकाळी दोघं मिळून वाचायला बसत. पण १८२२ मध्ये तो गेला. पदरात चार लेकरं, पाचवं पोटात. साराने काळा पोशाख घातला, तो जन्मभर उतरवला नाही.

पण काळा पोशाख घालून ती कोपऱ्यात बसली नाही, बरं का! आधी नणंदेबरोबर बायकांच्या टोप्यांचं दुकान चालवून पाहिलं. मग लेखणी धरली. १८२७ मध्ये तिची 'नॉर्थवुड' कादंबरी आली. त्यात थँक्सगिव्हिंगच्या जेवणावर तिने अख्खं प्रकरण लिहिलंय. टेबलाच्या मानाच्या जागी भाजलेली टर्की, मग बदक, कोंबडीचा पाय, लोणची, मुरंबे आणि मोठा मान भोपळ्याच्या पायला. टेबलावरचं कापडसुद्धा घरच्या बाईने स्वतः सूत कातून विणलेलं. आणि त्या दिवशी घरातल्या प्रत्येक मुलाला टेबलाशी जागा! आपली पोरं इंग्रजी शाळेत मेरीच्या कोकराचं जे बडबडगीत म्हणतात ना, तेही हिचंच, १८३० मधलं.

कादंबरीमुळे बोस्टनच्या एका मासिकाचं संपादकपद मिळालं. १८३७ पासून ती 'गोडीज लेडीज बुक'ची संपादक झाली आणि चाळीस वर्षं राहिली. न्यू इंग्लंडमध्ये थँक्सगिव्हिंग होतंच, पण दरेक राज्याचा दिवस वेगळा, आणि दक्षिणेत फारसं कोणी करतही नसे. १८४६ पासून तिने मासिकातून धोसरा लावला, की सगळ्या देशाचा दिवस एक करा. राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं, राष्ट्राध्यक्षांना पत्रं. एकामागून एक राष्ट्राध्यक्ष बदलले, बाईंचं पत्र काही थांबेना! एका दिवशी साऱ्या घरांत पान वाढलं गेलं, तर गुलामगिरीवरून फाटत चाललेला देश सांधला जाईल, ही तिची आशा. ती खरी ठरली नाही. १८६१ मध्ये यादवी पेटलीच.

तरी २८ सप्टेंबर १८६३ ला चौऱ्याहत्तर वर्षांच्या साराने लिंकनना पत्र लिहिलं. त्याच जुलैत गेटिसबर्गला हजारो माणसं मेली होती. किती घरांत पान रिकामं असेल! आणि अशा वेळी सण? पण ३ ऑक्टोबरला लिंकननी जाहीरनामा काढला आणि नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार ठरला. पुढे १९४१ मध्ये कायद्याने चौथा गुरुवार पक्का झाला.

तिची सगळीच मतं मला पटली असं नाही. बायकांना मताचा हक्क नको, असं म्हणणारी ती. पण बायकांनी शिकावं, डॉक्टर व्हावं, यासाठी तिने मासिकात सतत लिहिलं. १८७९ मध्ये नव्वदाव्या वर्षी ती फिलाडेल्फियात वारली. त्याच शहरातून सात वर्षांनी, १८८६ मध्ये, आपली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाली.

त्या गुरुवारी टेबलाशी बसल्यावर यांच्या आठवणीने घास अडकला, खोटं कशाला सांगू. मी शाकाहारी, त्यामुळे पानात बटाटे, क्रॅनबेरी आणि मी मुद्दाम केलेले घारगे. शेजारच्या आजींनी दोनदा मागून घेतले.

परत आल्यावर शेजारच्या मुलीचं केळवण होतं. एरवी माझ्यासारख्या बायका अशा वेळी मागच्या दारी बसतात. मी पदर खोचला आणि सरळ ओट्याशी गेले. घारगे मीच तळले, आणि नवऱ्या मुलीच्या पानात पहिला घारगा मीच वाढला.