डाव्या दंडावरचा व्रण

पेठ तालुक्यातल्या पाड्यावरचे बाळ असो की नाशिक शहरातले, जन्मानंतर त्याच्या डाव्या दंडावर एक बारीक सुई टोचली जाते. काही आठवड्यांनी तेथे फोड येतो, सुकतो आणि बहुधा जन्मभराचा व्रण ठेवून जातो. ही क्षयावरची बीसीजी लस. यातला 'बी' जंतूचा, 'जी' गेरँ यांचा आणि 'सी' अल्बेर काल्मेत यांचा. भातलावणीच्या दिवसांत सर्पदंश झालेल्याला जे इंजेक्शन वाचवते, त्याचा उगमही याच माणसाच्या कामात आहे.

काल्मेत यांचा जन्म १८६३ साली फ्रान्समधील निस शहरात झाला. त्यांना खलाशी व्हायचे होते. विषमज्वराने तो मार्ग बंद केला, तेव्हा ते नौदलात डॉक्टर झाले. १८९१ मध्ये सायगावला पाश्चर संस्थेची शाखा काढण्यास त्यांना पाठविण्यात आले. तिथे पुरामुळे नाग वस्तीत शिरले, माणसे दगावली. काल्मेत विषाच्या अभ्यासाला लागले. घोड्याला विषाची थोडी थोडी वाढती मात्रा देऊन त्याच्या रक्तातून त्यांनी प्रतिविष मिळविले. एकच प्रतिविष सर्व सापांवर चालेल, हा त्यांचा समज मात्र खोटा ठरला. म्हणूनच आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांचा विचार करून बनते. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी जोडलेले आहे.

१८९५ पासून लील येथे त्यांनी क्षयाविरुद्ध लढा उभारला. कामीय गेरँ या पशुवैद्यासह १९०८ मध्ये त्यांनी गाईच्या क्षयजंतूला पित्तात शिजवलेल्या बटाट्यावर वाढवायला सुरुवात केली. दर तीन आठवड्यांनी जंतू नव्या बटाट्यावर. असे तेरा वर्षांत सुमारे २३० वेळा! मधल्या काळात, १९१४ साली, 'फिगारो' दैनिकाचे संपादक असलेले त्यांचे बंधू गास्तों यांची हत्या झाली. मग महायुद्ध आले, लील जर्मनांच्या ताब्यात गेले. पण बटाट्यावरचे काम थांबले नाही. जंतू जिवंत राहिला, त्याचा दंश मात्र गेला.

आता ही लस द्यायची कशी? काल्मेत यांनी निवडला तोंडाचा मार्ग. क्षय आतड्यातूनही शिरतो, असे त्यांचे मत होते. १९२१ च्या जुलैत पॅरिसमध्ये वैल-हाले या डॉक्टरांनी एका तान्ह्याला ती तोंडावाटे दिली. बाळाची आई क्षयाने गेली होती आणि सांभाळणारी आजीही क्षयी होती. बाळ सुखरूप वाढले.

आतड्याचे अस्तर मोठे समंजस असते. रोजच्या वरणभातावर ते चवताळून उठले, तर माणूस जगायचा कसा? १९११ मध्येच वेल्स या अमेरिकी संशोधकाने दाखविले होते, की आधी अंड्यातील प्रथिन खाऊ घातलेल्या गिनिपिगांना पुढे तेच टोचले तरी त्यांचे शरीर खवळत नाही. याच सहनशीलतेच्या आधारे आज ॲलर्जीवर उपाय शोधले जातात. शेंगदाण्याच्या ॲलर्जीवरील अशा तोंडावाटे घेण्याच्या औषधाला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. उलट पोलिओचे थेंब त्याच वाटेने जाऊन शरीराला लढायला शिकवतात. म्हणजे वाट एकच. शरीर लढायला शिकते की सोसायला, हे काय दिले, किती आणि कसे दिले यावर ठरते.

१९३० मध्ये जर्मनीतील ल्यूबेक शहरात ही लस दिलेली सत्तरहून अधिक अर्भके दगावली. दोष लसीचा नव्हता. तेथील प्रयोगशाळेत तिच्यात जहाल क्षयजंतू मिसळले होते. खटला चालला, १९३२ मध्ये तेथील डॉक्टरांना शिक्षा झाली आणि लस निर्दोष ठरली. पण घाव खोल होता. पुढच्याच वर्षी, २९ ऑक्टोबर १९३३ रोजी काल्मेत वारले.

पुढे तोंडाची वाट मागे पडली. त्वचेत टोचलेली अगदी थोडी मात्रा पुरेशी ठरली. भारतात १९४८ मध्ये ही लस आली. ती मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयाला हमखास रोखत नाही. मात्र तान्ह्यांना मेंदूच्या क्षयापासून आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून चांगले जपते. दंडावरच्या त्या लहानशा व्रणामागे तेरा वर्षांची चिकाटी आहे आणि ल्यूबेकच्या आयांचे अश्रूही. बाळाची लस चुकवू नये, आणि ती बनविणाऱ्याने क्षणभरही गाफील राहू नये, हे दोन्ही धडे त्यातलेच.