जडसन साहेबांचे कोरडे दिवस

आपल्या खेडोपाडीच्या मंडळ्यांत अशी काही माणसे असतात की, ज्यांस दुःखात रडू येत नाही व सणाच्या दिवशी आनंदही वाटत नाही. ती उपासनेस येतात, गीते गातात, शेतात राबतात. पण आत सर्व आटलेल्या विहिरीसारखे असते. कित्येक उपदेशकांचीही अशी अवस्था होते व लाजेमुळे ते ती कोणास सांगत नाहीत. देवाने आपणांस टाकिले, असे त्यांस वाटू लागते. अशा बंधुभगिनींकरिता आम्ही आज रेव्हरंड अडोनिराम जडसन यांच्या आयुष्यातील एक भाग देत आहो.

जडसन साहेबांचा जन्म १७८८ साली अमेरिकेतील माल्डन गावी झाला. १८१२ च्या फेब्रुवारीत सेलम येथे ज्या पाच तरुणांस परदेशी सेवेची दीक्षा मिळाली त्यांत ते एक होते. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे त्यांचे सोबती १८१३ साली मुंबईस आले, आणि अमेरिकन मराठी मिशनाचा आरंभ त्यांजपासून झाला. जडसन साहेब व त्यांची पत्नी ॲनबाई त्याच वर्षी ब्रह्मदेशात, म्हणजे हल्लीच्या म्यानमारात, रंगून येथे उतरली. तेथे पहिल्या मनुष्याचा बाप्तिस्मा होण्यास सहा वर्षे लागली.

१८२४ साली इंग्रज व ब्रह्मी राजा यांचे युद्ध जुंपले. साहेबांस हेर समजून राजधानी आव्हा येथे बेड्या घालून कैदेत टाकिले. दीड वर्षाच्या त्या कैदेत ॲनबाई अन्न पोहोचवीत, अधिकाऱ्यांच्या पायऱ्या झिजवीत, व कैदेच्या काळातच जन्मलेल्या मुलीसही सांभाळीत. नव्या कराराच्या भाषांतराचे हस्तलिखित त्यांनी उशीत लपवून राखिले. पुढे साहेब सुटले; परंतु १८२६ च्या आक्टोबरात ते दूर असता ॲनबाई आम्हर्स्ट येथे मरण पावल्या. सहा महिन्यांनी दोन वर्षांची मारियाही गेली. नंतर मायदेशाहून वडिलांच्या मृत्यूची बातमी आली.

प्रथम साहेब कामास लागले व सर्व ठीक आहे असे लोकांस वाटले. परंतु हळूहळू त्यांचे मन गोठून गेले. विश्वविद्यालयाने दिलेली पदवी त्यांनी सोडून दिली, आपली जुनी पत्रे नष्ट केली, व आपला पैसा मिशनास दिला. १८२८ साली, पत्नीच्या मृत्यूस दोन वर्षे झाली त्याच दिवशी, ते मौलमीनजवळच्या रानात एका झोपडीत एकटे राहावयास गेले. तेथे एक कबर खणून ते तिच्या काठाशी बसत व देहाच्या नाशाचे चिंतन करीत. देव आहे याविषयी त्यांस संशय नव्हता. पण तो जवळ आहे ही जाणीव पार नाहीशी झाली होती.

एकांताने व देहदंडाने हा कोरडेपणा गेला नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. एखादा दृष्टांत होऊन एका दिवसात तो गेला, असेही झाले नाही. साहेब रानात प्रार्थनेस जात ती जागा मंडळीतील एका डीकनाने पाहून ठेविली. पुढच्या खेपेस साहेबांस तेथे बांबूचे आसन व वर फांद्यांचे छप्पर तयार आढळले. ते कोणी केले हे त्यांस कळले नाही, असे त्यांच्या चरित्रात सांगितले आहे. डीकनाने उपदेश केला नाही किंवा प्रश्नही विचारिले नाहीत. ऊन लागू नये एवढेच पाहिले.

त्या दिवसांतही साहेबांनी भाषांतराचे काम अगदी टाकिले नाही. पुढे ते पुन्हा माणसांत आले. १८३१ साली रंगूनच्या मोठ्या जत्रेच्या वेळी त्यांनी मागणाऱ्यांसच सुमारे १०,००० पत्रके वाटिली. नंतर करेन लोकांच्या डोंगरी वस्त्यांत ते पायी फिरले. ३१ जानेवारी १८३४ रोजी संपूर्ण पवित्र शास्त्राचे ब्रह्मी भाषांतर पुरे झाले. १८५० साली समुद्रप्रवासात ते निवर्तले.

ज्याचे मन सुकले आहे, त्याने आपला विश्वास मेला असे समजू नये. आजचे काम, थोडे का होईना, आजच करावे, व एका विश्वासू मनुष्याजवळ मन उघडावे. झोप व अन्न नकोसे झाले, किंवा जिणेच नको असे वाटू लागले, तर विलंब न करिता डाक्तरास दाखवावे; त्यात पाप किंवा लाज नाही. आणि मंडळीतील इतरांनी अशा मनुष्याची परीक्षा पाहत बसू नये. त्याच्या अंगणात पाणी भरून द्यावे, त्याच्याजवळ बसावे, त्याचे बांबूचे आसन आपण बांधावे. प्रभू अशा सर्वांस धीर देवो.