कोळसा, तंबाखू आणि प्रकाश : रोझालिंड फ्रँकलिन

रोझालिंड फ्रँकलिनचे नाव निघाले की डीएनएच्या छायाचित्राची हकिकत सांगितली जाते आणि गोष्ट तेथेच संपते. तिची पुढची पाच वर्षे मात्र उपेक्षितच राहतात.

२५ जुलै १९२० रोजी लंडनमधील एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात तिचा जन्म झाला. केंब्रिजचे शिक्षण संपवून महायुद्धाच्या काळात तिने कोळशातील सूक्ष्म छिद्रांचा अभ्यास केला आणि १९४५ मध्ये पीएच.डी. मिळविली. क्ष-किरणांनी पदार्थाची अंतर्रचना पाहण्याची विद्या ती पॅरिसला शिकली. १९५१ मध्ये ती किंग्ज कॉलेजात आली. तेथे तिच्या देखरेखीखाली घेतलेले डीएनएचे छायाचित्र तिच्या नकळत वॉटसनला दाखविले गेले.

मार्च १९५३ मध्ये ती बर्कबेक कॉलेजात, बर्नाल यांच्या प्रयोगशाळेत गेली. निपाणीची तंबाखू आपल्याला ठाऊक आहे. तंबाखूच्याच पानांवर हिरवे-पिवळे चट्टे पाडणारा विषाणू तिने अभ्यासाला घेतला. हा विषाणू म्हणजे ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ नॅनोमीटर जाडीची पोकळ नळी. सुमारे २१३० एकसारखे प्रथिनकण गोल जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे रचून ती बनते. आरएनएचा धागा पोकळीत नसून त्या भिंतीतच गुंफलेला असतो, हे तिने दाखविले.

१९५६ मध्ये कर्करोगाने गाठले, तरी काम थांबले नाही. १६ एप्रिल १९५८ रोजी, अवघ्या ३७ व्या वर्षी तिचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी ब्रुसेल्सचे जागतिक प्रदर्शन उघडले. तिने तयार केलेली विषाणूची प्रतिकृती तेथे मांडलेली होती.

विषाणूच्या या काटेकोर रचनेचा उपयोग आज प्रकाशासाठी होत आहे. घाटकोपर स्थानकावरील गर्दीचा नुसता कोलाहल होतो, पण तीच माणसे आरतीला एका तालात टाळ्या वाजवू लागली की मंडप दणाणतो. अगदी जवळ असलेले रेणू असे एका तालात प्रकाश देऊ लागले, तर तो कितीतरी तीव्र आणि क्षणार्धात बाहेर पडतो, हे डिक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडले. अडचण होती ती रेणूंना ठरावीक अंतरावर बसविण्याची. इंडियाना विद्यापीठातील संशोधकांनी वनस्पतींच्याच एका गोल विषाणूचे कवच त्यासाठी परांचीसारखे वापरले आणि त्यावर शेकडो रंगरेणू बसविले.

१९६२ चे नोबेल तिच्या वाट्याला आले नाही. ते मरणोत्तर दिले जात नाही. तिचा सहकारी आरॉन क्लुग याला मात्र १९८२ मध्ये ते मिळाले. त्याच्या त्या कामाचा आरंभ तिच्याच टेबलाशी झाला होता.